कडा, रेघा आणि फुटलेली शाई: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या हातकागदाच्या कडा कुरतडल्यासारख्या आहेत, उजेडात धरलं की रेघा दिसतात, शाई फुटते आणि एवढ्या पैशात अख्खं रीम येतं, असं तुम्ही लिहिलंय. नेमकं लिहिलंत, म्हणून उत्तरही नेमकं देता येतंय.

शाईचं आधी. तुम्ही घेतलेला कागद ‘वॉटरलीफ’, म्हणजे सायझिंग (शाई शोषली जाऊ नये म्हणून करायची प्रक्रिया) न केलेला. तो एचिंगचे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या चित्रांचे, ठसे घेणाऱ्यांसाठी आहे. ते छापण्याआधी कागद ओलाच करतात. त्यावर फाउंटन पेन टेकवलं की शाई फुटणारच. ‘लिखाणासाठी नाही’ हे पाकिटावर मराठीत छापलंय. लिहायला जिलेटिनमध्ये बुडवून वाळवलेला ताव घ्या. जिलेटिन प्राणिजन्य, त्यामुळे ते नको म्हणणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी लगद्यातच दुसरं सायझिंग घातलेला कागद वेगळा ठेवतो.

आता कडा. तारांच्या साच्यावर लाकडी चौकट दाबून धरायची, दोन्ही मिळून लगद्याच्या टाकीत बुडवायचं, आडवं उचलायचं आणि पाणी गळता गळता पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवायचं, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. चौकट कितीही घट्ट धरली तरी थोडा लगदा तिच्याखाली शिरतोच. तीच ही विरळ कड. सरळ हवी असेल तर ऑर्डरमध्ये ‘कापून’ एवढं लिहा, जास्तीचे पैसे नाहीत. (कापलेली कड पाहून हळहळणारे ग्राहकही आहेत, तो भाग वेगळा.)

रेघा साच्याच्या तारांच्या. तारेवर लगदा पातळ बसतो, म्हणून उजेडात तेवढी जागा फिकी दिसते. युरोपात शतकानुशतकं कागद असाच निघायचा. इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीत विणलेल्या जाळीवरचा बिनरेघी कागद निघाला आणि 1757 मध्ये मुद्रक बास्करव्हिल यांनी तो पुस्तकाला वापरला. तसा ‘वोव्ह’ कागद आमच्याकडेही आहे, याच भावात.

भावाबद्दल मात्र घासाघीस नको. होजिअरीच्या सुती कातरणी निवडायच्या, बीटरमध्ये तासन्‌तास कुटायच्या, एकेक ताव लोकरी फेल्टवर उलटवायचा, थप्पी प्रेसखाली पिळायची, मग ताव टांगून वाळवायचे. पावसाळ्यात तर ते वाळता वाळत नाहीत. मशीनच्या रीमशी याची बरोबरी होणार कशी?

उरलेले कोरे ताव पाठवा, तितकेच सायझिंग केलेले बदलून देतो. कुरिअर येतानाचं तुमचं, जातानाचं आमचं.