आडनाव बूर्बाँ, म्हणून गादी फ्रान्सची?

भोपाळच्या बूर्बाँ कुटुंबाबद्दलचा एक मजकूर अधूनमधून पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा: फ्रान्सच्या बूर्बाँ राजघराण्यातला झाँ फिलिप नावाचा राजपुत्र १५६० च्या सुमारास पळून हिंदुस्थानात आला. अकबराने त्याला दरबारात ठेवून घेतलं आणि आपल्या ख्रिस्ती राणीच्या बहिणीशी त्याचं लग्न लावलं. त्याचा वंश आज भोपाळात आहे. तो थोरल्या पातीचा असल्यामुळे फ्रान्सच्या गादीवर पहिला हक्क त्याचा. आडनाव तर समोरच आहे, आणि डीएनए तपासला की उरलीसुरली शंकाही फिटेल.

२००७ मध्ये ग्रीसच्या राजघराण्यातल्या एका लेखकाची या कथेवरची ऐतिहासिक कादंबरी फ्रेंचमध्ये आली आणि ही बातमी जगभर पोचली. आपल्याकडे कादंबरी बाजूला राहिली आणि कथा इतिहास म्हणून वाचली जाऊ लागली.

भोपाळचं हे कुटुंब खरं आहे आणि त्याचा इतिहासही मोलाचा आहे. त्याच्यावर चढवलेल्या मुकुटाला मात्र माझा विरोध आहे.

“आडनाव बूर्बाँ आहे, म्हणजे रक्तही त्यांचंच.”

बूर्बाँ हे मुळात गावाचं नाव. मध्य फ्रान्समधलं बूर्बाँ-लार्शांबो हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आणि त्याच्या सरदारांची ती जहागीर. राजवंशाला हे नाव मिळालं तेही लग्नातून. नववा लुई या राजाचा धाकटा मुलगा रोबेर द क्लेर्माँ याने १२७२ मध्ये या जहागिरीची वारस बेआत्रीस हिच्याशी लग्न केलं. त्यांचा मुलगा लुई १३२७ मध्ये बूर्बाँचा पहिला ड्यूक झाला. म्हणजे नाव आलं आईच्या जहागिरीवरून आणि पुरुषवंश राहिला बापाचा, कापे घराण्याचा. म्हणूनच क्रांतिकारकांनी सोळाव्या लुईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा त्याला ‘लुई कापे’ म्हटलं. ज्या घराण्याचं नावच वंशाबरोबर आलेलं नाही, त्याचं नाव दिसताच वंश सिद्ध झाला असं कसं म्हणायचं?

गावावरून आडनाव पडणं फ्रान्समध्येही नित्याचं आहे. राजघराण्याशी सुतराम संबंध नसलेले बूर्बाँ तिथे साध्या शेतकरी-कारागिरांतही सापडतात. परदेशात तर नाव आणखी सहज चिकटतं. गोव्यात डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही आडनावं बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्यावरून किंवा धर्मपित्यावरून पडली. म्हणून गोव्यातले सगळे परेरा पोर्तुगीज वंशाचे, असं कोणी म्हणत नाही. मोगल काळात उत्तर हिंदुस्थानात ख्रिस्ती झालेल्या किंवा ख्रिस्ती कुटुंबांच्या आश्रयाला आलेल्या माणसांबाबत निराळा नियम लावायचं काही कारण नाही.

युरोपातलंच एक उदाहरण घ्या. कार्ल व्हिल्हेल्म नाऊनडॉर्फ हा माणूस आयुष्यभर सांगत राहिला की तुरुंगात मेलेला समजला जाणारा राजपुत्र, सतरावा लुई, तो आपणच. १८४५ मध्ये तो नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे वारला. त्याच्या थडग्यावर राजाचं नाव कोरलं गेलं आणि त्याच्या वंशजांनी ‘द बूर्बाँ’ हे आडनाव लावलं. १९९८ मध्ये त्याच्या हाडातला मातृवंशाचा डीएनए तपासला, तो त्या राजपुत्राच्या आईच्या, म्हणजे मारी आंत्वानेतच्या, माहेरच्या बायकांशी जुळला नाही. पुढे २००० मध्ये, तुरुंगात मेलेल्या मुलाचं म्हणून जपून ठेवलेलं हृदय तपासलं, ते जुळलं. आडनाव मात्र नाऊनडॉर्फच्या वंशजांकडेच राहिलं.

“ते काँस्टेबल बूर्बाँच्या मुलाचे वंशज, म्हणजे थोरली पाती.”

कथेचा सगळा डोलारा या दाव्यावर उभा आहे. तिसरा शार्ल, बूर्बाँचा ड्यूक आणि फ्रान्सचा काँस्टेबल, म्हणजे सेनाप्रमुख. राजाशी बिनसल्यावर तो सम्राट पाचव्या चार्ल्सला जाऊन मिळाला आणि ६ मे १५२७ रोजी रोमवर चढाई करताना मारला गेला. त्याची पाती पुढे राजे झालेल्या वांदोम पातीपेक्षा थोरली होती, एवढा भाग बरोबर आहे. पण त्याची बायको सुझान १५२१ मध्येच वारली होती आणि त्यांची मुलं लहानपणीच गेली होती. म्हणून या कथेला एक गुप्त लग्न आणि गुप्त मुलगा लागतो. त्या लग्नाचा दाखला कोणी पुढे आणलेला नाही.

समजा असा मुलगा होता. तरी गादीसाठी तो औरस हवा. थोरल्या पातीचे पण अनौरस बूर्बाँ फ्रान्समध्ये खरोखरच आहेत. लिएजचा बिशप लुई द बूर्बाँ याच्यापासून निघालेलं बूर्बाँ-ब्युसे घराणं पुरुषवंशाने चौथ्या आंरीच्या वांदोम पातीपेक्षा थोरलं. त्यांचा वंश माहीत होता, ते फ्रान्समध्येच राहत होते, आणि तरी १५८९ मध्ये गादी आंरीकडे गेली. बिशपचा विवाह मान्य नव्हता, एवढं कारण पुरलं. बूर्बाँ-ब्युसेंना घरात बसून जे मिळालं नाही, ते आग्र्याला पोचलेल्या, कागदोपत्री कुठेच नसलेल्या मुलाला मिळालं असतं असं मानायला आधार काय?

“डीएनए केला की दूध का दूध, पानी का पानी.”

सर्वात जास्त पसरलेली आणि सर्वात फसवी समजूत ही. बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं ते वाय गुणसूत्र, म्हणून पुरुषवंश तपासायचा तर तेच पाहावं लागतं. खऱ्या बूर्बाँचं वाय गुणसूत्र कुठलं हे २०१३ साली बऱ्यापैकी ठरलं. ते कसं ठरलं हे समजून घेण्यासारखं आहे.

२१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला तेव्हा कोणी तरी त्याच्या रक्तात रुमाल बुडवला आणि तो नक्षीदार वाळक्या भोपळ्यात जपून ठेवला, अशी आख्यायिका होती. तो भोपळा इटलीतल्या एका कुटुंबाकडे होता. २०१० मध्ये त्याच्यातल्या वाळलेल्या रक्ताचा डीएनए वाचला गेला. वाय गुणसूत्राचा गट निघाला जी-२ए. दरम्यान चौथ्या आंरीचं म्हणून सांगितलं जाणारं एक ममी झालेलं शिरही चर्चेत आलं, आणि त्याचा डीएनए भोपळ्यातल्या रक्ताशी अंशतः जुळतो असं जाहीर झालं. दोन राजे एकदम ओळखले गेले अशा बातम्या झळकल्या.

मग बेल्जियममधले संशोधक मार्टेन लार्मुसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ वाट धरली. त्यांनी आज हयात असलेले बूर्बाँ वंशाचे तीन पुरुष तपासले, पार्मा शाखेतले दोन आणि ऑर्लेआँ शाखेतला एक. तिघांचं वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळलं, गट आर-१बी. भोपळ्यातलं रक्त आणि ते शिर, दोन्हींशी ते जुळलं नाही. २०१४ मध्ये भोपळ्यातल्या रक्ताचा संपूर्ण जीनोम वाचला तेव्हा तो माणूस बहुधा तपकिरी डोळ्यांचा निघाला. सोळाव्या लुईचे डोळे निळे होते.

आता हे भोपाळला लावून पाहू. तपासलेल्या तिघांचा समान पूर्वज तेरावा लुई, जन्म १६०१. त्यामुळे खात्री आहे ती त्याच्यापासून खालची. त्याचा आणि काँस्टेबलचा समान पूर्वज आणखी ९ पिढ्या वर, पहिला ड्यूक लुई. तिथून काँस्टेबलपर्यंत ६ पिढ्या, आणि काँस्टेबलपासून आजच्या भोपाळपर्यंत सुमारे १५. बाप-मुलाच्या अशा ३० कड्या होतात. कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे निघण्याचं प्रमाण युरोपातल्या अभ्यासांत दर पिढीला साधारण १ टक्का दिसतं. या हिशेबाने भोपाळची कथा अक्षरशः खरी असली, तरी वाय गुणसूत्र न जुळण्याची शक्यता चारांत एकीच्या आसपास येते. म्हणजे चाचणी जुळली नाही म्हणून कथा पूर्ण खोटी ठरत नाही.

आणि जुळली तर? आर-१बी हा गट पश्चिम युरोपात इतका पसरला आहे की फ्रान्समधल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत तो सापडतो, पोर्तुगालमध्येही तीच गत. अकबराच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या कुठल्याही पोर्तुगीज गोलंदाजाच्या वंशजात तो निघू शकतो. नुसता मोठा गट जुळल्याने एवढंच कळेल की पुरुषवंशाचा कोणी तरी पूर्वज बहुधा पश्चिम युरोपातून आला होता. राजघराण्याचं नाव घ्यायचं तर वाय गुणसूत्राच्या सूक्ष्म खुणा जुळाव्या लागतील. तशा जुळल्या तरी त्यातून बूर्बाँ-ब्युसेंसारखं अनौरस नातंही निघू शकतं. लग्न झालं होतं की नाही, हे गुणसूत्र सांगत नाही.

थुंकी पाठवून ‘इतके टक्के युरोपीय’ असा निकाल देणाऱ्या चाचण्या इथे त्याहूनही निरुपयोगी आहेत. १५ पिढ्यांपूर्वी प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या ३२,७६८ जागा असतात. त्यांतल्या एका जागेवरच्या पूर्वजाकडून आपल्यात एकही तुकडा आलेला नसणं हीच जास्त शक्य गोष्ट. या कुटुंबाचे सोयरसंबंध पिढ्यानपिढ्या हिंदुस्थानातल्या इतर ख्रिस्ती घराण्यांशीही होत राहिले. तिथूनही युरोपीय अंश येऊ शकतो आणि त्याचा काँस्टेबलशी काही संबंध नसेल.

“अकबराने आपल्या ख्रिस्ती राणीची बहीण त्याला दिली.”

या राणीचं नाव कधी मरियम, कधी ‘मरियम मकानी’ असं दिलेलं आढळतं. मरियम मकानी हा अकबराच्या आईचा, हमीदा बानूचा किताब होता. मरियम-उझ-झमानी हा जहांगीरच्या आईचा, आमेरच्या कछवाहा राजकन्येचा. किताबातली मरियम पाहून राणी ख्रिस्ती असल्याचा समज पुढे झाला. गोव्याहून निघालेलं जेझुइट पाद्र्यांचं पहिलं मंडळ फेब्रुवारी १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला पोचलं. अकबराला ख्रिस्ती करावं हीच त्यांची धडपड होती आणि दरबारातली बारीकसारीक गोष्ट ते लिहून पाठवत होते. जनानखान्यात ख्रिस्ती राणी असती तर त्यांनी ती पहिल्याच पत्रात मिरवली असती. त्यांच्या लेखनात ती नाही, अबुल फझलच्या ग्रंथातही नाही.

“क्रांती झाली नसती तर आज फ्रान्सचा राजा भोपाळचा असता.”

क्रांती होण्याआधी सलग दोनशे वर्षं गादीवर वांदोम पातीचे राजे होतेच. क्रांती टळली असती तर तेच पुढे चालले असते.

आता त्या खऱ्या इतिहासाकडे येतो. झाँ फिलिपची कथा आपल्याला मिळते ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अधिकारी आणि प्रवाशांच्या लेखनातून. १८६० च्या दशकात आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले भोपाळात या कुटुंबातल्या बाईंना भेटला आणि भारावून गेला. मूळ पुरुष आणि ती नोंद यांच्यात ३०० वर्षांचं अंतर आहे. पण त्याच एकोणिसाव्या शतकातलं या कुटुंबाचं जे स्थान आहे, त्याला आख्यायिकेची गरजच नाही. बाल्थाझार बूर्बाँ, भोपाळात ज्यांना हकीम शहजाद मसीह म्हणत, ते नवाबाच्या दरबारातले वजनदार मंत्री होते. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा भोपाळला पडलेला वेढा नुकताच मागे पडला होता आणि १८१८ मध्ये कंपनीशी तह होऊन संस्थान टिकलं होतं. १८१९ मध्ये नवाब नझर मोहम्मद गोळी लागून वारला, मागे १८ वर्षांची विधवा कुदसिया बेगम आणि तान्ही मुलगी. दरबारातल्या भाऊबंदांची नजर गादीवर होती. त्या वेळी कुदसिया बेगमच्या पाठीशी जे थोडे जण उभे राहिले, त्यांत शहजाद मसीह होते. भोपाळवर पुढे शतकभर बेगमांनी राज्य केलं, त्याची सुरुवात या प्रसंगातून झाली. फिरणाऱ्या मजकुरात यातली एक ओळही नसते.