पाणी तोडू नका, काकू

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या, माहेरच्या आणि रामबागेतल्या आमच्या भिशीच्या. गुलाबाच्या चित्राखाली लिहिलंय, साठीनंतर बाईची लघवी निसटते, तो आजार नव्हे, वयच आहे. खाली उपाय दिलेत. दुपारी चारनंतर पाणी बंद. लागो न लागो, दर तासाला जाऊन या. रोज लघवी करताना ती तीनदा मध्येच थांबवा. जाड कापड घ्या. डॉक्टरकडे जाऊ नका, ते गर्भाशयाची पिशवी काढायला सांगतात. भिशीतल्या सातजणींनी त्याखाली हात जोडलेत.

मी इंदुरात बरीच वर्षं फिजिओथेरपी करते. गुडघा दाखवायला म्हणून आलेल्या कितीतरी जणी निघताना, दाराशी, आवाज खाली करून हीच तक्रार सांगतात. त्या सातजणींपैकी कुणीही हे उपाय करू नयेत म्हणून लिहितेय.

सर्वांत आधी पाणी, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच आहे. गेल्या मे महिन्यात सत्तरीच्या एक काकू सुनेचा हात धरून आल्या. खुर्ची पुढे केली तर बसेनात. मग पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, पदराआड उलगडली, खुर्चीवर पसरली आणि हळूच बसल्या. ओठ सुकलेले, उभं राहिलं की चक्कर. दिवसभरात दोन भांडी पाणी आणि चार कप चहा, एवढंच पोटात जात होतं. लघवी गडद पिवळी, जळजळ, वर बद्धकोष्ठ. आणि लघवी निसटणं? ते वाढलंच होतं.

वाढणारच. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, ती मूत्राशयाला आतून डिवचते आणि थोडी साठली तरी घाई होते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो. पोट साफ होत नाही, कडक मळाचा दाब मूत्राशयावर येतो आणि रोज कुंथून कुंथून मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू आणखी सैल पडतात. म्हणून दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी घ्याच, थोडं थोडं, उन्हाळ्यात जास्त. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर अर्थातच तेच पाळा. मेसेजमध्ये खरं आहे ते इतकंच, की झोपण्याच्या दोन तास आधी पाणी बेतानं घ्यावं. चारनंतर बंद नव्हे. कमी करायचा तर चहा करा. पोह्यांबरोबरचा सकाळचा कप राहू द्या, तिसरा-चौथा सोडा.

रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल तर पाय बघा. संध्याकाळी सुजलेले असतात का? दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परत येतं आणि रात्री लघवीवाटे निघतं. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडलं की पुष्कळ जणींना फरक पडतो. आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा लावून ठेवा. घाईघाईत अंधारात पडून खुब्याचं हाड मोडलेल्या बायका मी बघते.

आता ते वय. वयाचा हात आहे, नाही म्हणत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, मूत्रमार्गाजवळची त्वचा पातळ, कोरडी होते. पण बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, वर्षानुवर्षांचं बद्धकोष्ठ, न आवरलेली साखर, यांचाही वाटा असतो. काही गोळ्यांचाही असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काहींनी कोरडा खोकला लागतो, प्राझोसिनसारख्या काहींनी मूत्रमार्गाची पकड ढिली होते. डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिन तर साखर लघवीवाटेच बाहेर काढते. गोळी मनानं बंद करू नका, पण पाकीट घेऊन जा आणि विचारा. नुसतं वय म्हटलं की यातलं काहीच तपासलं जात नाही.

दर तासाला जाण्याचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. मूत्राशयात एरवी तीनशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. रिकामं असतानाच जाऊन आलं की त्याला थोडक्यातच हाक मारायची सवय लागते. आज तासाला, पुढच्या महिन्यात पाऊण तासाला. करायचं ते नेमकं उलट. घाई लागली की धावू नका. जिथे आहात तिथे बसा किंवा टेकून उभ्या राहा, खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा. घाई लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरल्यावर चालत जा. दर आठवड्याला दोन वेळांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा, आणि निदान सहा आठवडे करा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना मात्र घरच्यांनी ठरावीक वेळी आठवणीनं न्यावं, तिथे तेच बरोबर आहे.

काकूंना मी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. किती प्यायलं, कधी गेलं, कधी निसटलं. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर त्यांनी बारीक अक्षरात लिहून आणलं. ‘भांडी घासायला नळ सोडला, घाई.’ ‘कुलूप उघडताना, दारातच.’ ‘शिंकले, थोडी.’ त्या तीन ओळींत अर्धं निदान होतं. नळाच्या आवाजानं, कुलपाशी होते ती घाईची गळती. शिंकताना, हसताना, बादली उचलताना होते ती दाबाची. त्यांना दोन्ही होत्या, आणि दोन्हींचे उपाय थोडे वेगळे असतात.

लघवी मध्येच थांबवणं हा व्यायाम नाही. कुठला स्नायू ते कळावं म्हणून एखाद वेळा करून बघा, बस. रोज केलं तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. खरा व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडला. खुर्चीत बसून करा. वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखतोय असं समजून आतून वर ओढा, पाच आकडे धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. जमू लागलं की दहा आकड्यांपर्यंत न्या. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत. आकडे मोठ्यानं मोजा म्हणजे श्वास कोंडला जात नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. स्नायू सापडतच नसेल तर फिजिओथेरपिस्टला किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अनेकींना सापडत नाही, त्यात कमीपणा नाही.

काकूंनी चैत्रापर्यंत नेटानं केलं. परवा ओंकारेश्वरला जाऊन आल्या. पूर्वी आदल्या रात्रीपासून पाणी सोडायच्या. या वेळी पॅड लावलं होतं, पाण्याची बाटली मांडीवर होती आणि वाटेतल्या भेरूघाटात बस थांबवावी लागली नाही. पूर्ण बऱ्या झाल्या का? नाही. जोराची शिंक आली तर थेंबभर होतंच, पण आता त्या खुर्चीवर पिशवी पसरत नाहीत.

कापडाचं थोडक्यात. मदतीला काहीतरी हवंच, पण ओलं जाड कापड त्वचा सोलवटून काढतं. लघवीसाठीचे पॅड मिळतात ते वापरा, पाळीचे नव्हेत. कापडच परवडत असेल तर पातळ सुती, वारंवार बदलून, कडक उन्हात वाळवलेलं. दाराआड लपवून वाळत घालू नका. त्वचा धुवायला जंतुनाशक नको, साधं पाणी पुरे, नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

पिशवीच्या धास्तीनं डॉक्टर टाळणाऱ्या मावश्यांना सांगते, लघवी निसटते एवढ्यासाठी गर्भाशय काढत नाहीत. आधी लघवीची तपासणी, साखर, पोट साफ होणं, व्यायाम. कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, ते डॉक्टरांना विचारूनच. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग असते. घाईवरच्या गोळ्याही आहेत, पण काहींनी वयस्कर बायकांना गोंधळल्यासारखं होतं, म्हणून इतर सगळ्या गोळ्या दाखवून घ्या. आणि शिंकेसरशी होणारी गळती व्यायामानं नाहीच थांबली, तर मूत्रमार्गाला आधार देणारी शस्त्रक्रिया आहे. ती गर्भाशय काढण्याची नव्हे.

लघवीतून रक्त आलं, थंडी वाजून ताप आणि जळजळ झाली, पोट फुगलंय पण लघवी होतच नाही, किंवा एकाएकी गळू लागून पायांत बळ नाही आणि बसायच्या जागेला बधिरपणा आलाय, तर वही-व्यायाम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी सुनेला उठवा.