समुद्र आपला, म्हणून शेअरही आपला?

गेले काही महिने आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे आणि तो वाचून माझं डोकं फिरतं. समुद्रात गॅस शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर गुहागर-दापोलीपासून चिपळूणपर्यंत आमच्या बऱ्याच जणांनी घेतलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहिलं की उद्या हाच मजकूर टिप म्हणून फिरेल. ज्यांनी शेअर घेतले नाहीत ते म्हणतात हा जुगार आहे. ज्यांनी घेतले त्यांचं म्हणणं वेगळं. कोकणी माणसाने जमिनी मातीमोल भावाने मुंबई-पुण्याच्या लोकांना विकल्या आणि मग त्यांच्याच बंगल्यांवर राखणदार म्हणून राहिला. आता समुद्रातून गॅस निघतोय, निदान इथे तरी मालक व्हा. माझा चुलतभाऊ या बाजूचा म्होरक्या. "समुद्र आपला, तर त्यातल्या गॅसचा वाटाही आपलाच," असं तो रोज लिहितो.

जुगार म्हणणाऱ्यांचं मला काही नाही. माझा राग भावाच्या वाक्यावर आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे आणि त्या खऱ्या अर्ध्याच्या जोरावर लोक सोनं गहाण टाकायला निघालेत.

मी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला असतो, मड लॉगर आहे. विहीर खोदताना ड्रिलिंगचं मड, म्हणजे पाइपातून खाली सोडलेला चिखलासारखा द्रव, खालून वर येतं, त्याबरोबर खडकाचा चुरा येतो आणि गॅस येतो. केबिनमधल्या स्क्रीनवर मिथेनची रेघ सरळ चाललेली असते आणि एकदम उसळते. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी अजून त्या क्षणी छाती धडधडते. पण त्या रेघेला आम्ही फक्त 'शो' म्हणतो. पाइप वर काढून पुन्हा खाली सोडले तरी ती उसळते, मध्ये कोळशाचा पातळ थर लागला तरी उसळते. त्यानंतर वायरलाइन लॉग, म्हणजे तारेने विहिरीत उपकरणं सोडून घेतलेली मोजमापं, मग द्रवाचे नमुने, मग विहीर वाहती करून चाचणी, मग थर किती लांब पसरलाय हे बघायला आणखी विहिरी आणि शेवटी किनाऱ्यापर्यंत पाइप टाकण्याचा खर्च निघतो का, याचा हिशेब. यात वर्षं जातात. ग्रुपवर फिरणारा मेसेज अगदी पहिल्या पायरीवरचा होता: 'गॅस मिळाला', पुढे तीन रॉकेट. थराची जाडी नाही, चाचणीत दिवसाला किती घनमीटर वाहिला ते नाही, त्या ब्लॉकमध्ये, म्हणजे खोदायला दिलेल्या समुद्राच्या तुकड्यात, कंपनीचा हिस्सा किती टक्के तेही नाही.

हर्णैच्या बंदरावर लिलावात बोली लावताना टोपली समोर असते. सुरमईचे डोळे लाल आहेत की स्वच्छ, हे आमची आत्या दहा पावलांवरून सांगायची. तिचीच मुलं आता न पकडलेल्या माशावर बोली लावतायत.

इथे लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात अशा कंपन्यांचा खेळ मी जवळून पाहिला आहे. 2010 साली फॉकलंड बेटांच्या उत्तरेला दोन छोट्या कंपन्या खोदत होत्या. रॉकहॉपरला मे महिन्यात सी लायन इथे तेल लागलं आणि शेअर उसळला. मग डिसेंबरात डिझायर पेट्रोलियमने जाहीर केलं की आम्हालाही रेचेल नॉर्थ या विहिरीत तेल लागलं. आठवडाही उलटला नाही, तोच त्याच कंपनीने सांगितलं की ते तेल नाही, पाणी आहे. शेअर एका दिवसात निम्म्याच्या आसपास कोसळला. कोणी लबाडी केली म्हणून हे झालं असं नाही. पहिल्या आकड्यांवरून काढलेला अर्थ पुढच्या तपासणीत टिकला नाही, एवढंच. आणि ज्या सी लायनला खरंच तेल लागलं, तिथून दीड दशक उलटलं तरी विकायला तेल निघालेलं नव्हतं.

मोठ्या कंपन्या तरी चुकत नाहीत, असं भाऊ म्हणतो. रिलायन्सच्या कृष्णा-गोदावरी डी-6 ब्लॉकमधून 2010 मध्ये दिवसाला सुमारे 6 कोटी घनमीटर गॅस येत होता, तो तीनेक वर्षांत पाव हिश्श्यावर आला. त्यात 10 टक्के भागीदार असलेल्या कॅनडाच्या निको रिसोर्सेसचा शेअर एकेकाळी 100 डॉलरच्या वर होता. पुढे तो सेंटमध्ये मोजायची वेळ आली. रिलायन्स तगली, कारण तिच्याकडे बाकीचे धंदे होते. निकोच्या भागधारकांकडे काय होतं?

आणि हा जो मालक व्हायचा प्रकार आहे, त्यात भावाने शेअर बाजारातून घेतला, म्हणजे पैसे विकणाऱ्याच्या खिशात गेले. त्यातून कंपनीची रिग एक इंचही खाली गेली नाही. खोल समुद्रातल्या रिगचं दिवसाचं भाडं लाखो डॉलरमध्ये असतं. छोटी कंपनी ते आणणार कुठून? नवे शेअर काढणार किंवा ब्लॉकमधला हिस्सा मोठ्या कंपनीला देणार. म्हणजे गॅस लागला तरी भावाचा वाटा दरवेळी पातळ होत जाणार.

राहिला समुद्र. संविधानाच्या कलम 297 प्रमाणे समुद्राखालची खनिजं केंद्राची आहेत, रॉयल्टीही केंद्राकडे जाते. महाराष्ट्रालाही नाही, मग गुहागरला कुठून? शिवाय कोकणाचं नाव असलेलं केरळ-कोकण बेसिन, म्हणजे समुद्राखालचं गाळाच्या खडकांचं खोरं, गोव्यापासून दक्षिणेला आहे आणि सरकारी वर्गवारीत तिसऱ्या गटात आहे; तिथे व्यापारी प्रमाणात काही सापडलेलं नाही आणि खाली बेसाल्टचा असा जाड थर आहे की त्याच्या पलीकडचं नीट दिसत नाही. मुंबई हाय हे वेगळं बेसिन. ग्रुपवर सगळा अरबी समुद्र एकच.

मला स्कॉटलंडच्या उत्तरेची शेटलंड बेटं आठवतात ती इथे. तिथल्या हेलिकॉप्टर बेसवर मी कितीदा तरी हार, म्हणजे समुद्रावरून येणारं दाट धुकं, उतरेपर्यंत अडकलोय, त्यामुळे गावंही ओळखीची झालीत. मासेमारी आणि मेंढ्यांवर जगणारी बेटं, आजही लोकसंख्या 23,000 च्या आसपास, म्हणजे आपल्या गुहागर तालुक्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तेल येणार हे कळल्यावर त्यांच्या कौन्सिलने 1974 मध्ये संसदेतून स्वतःसाठी कायदा करून घेतला. बंदराचा ताबा स्वतःकडे ठेवला आणि तेल कंपन्यांशी करार केला की आमच्या जगण्यात जो व्यत्यय येणार त्याचे पैसे द्या. तिथल्या सलम वो या तेलाच्या टर्मिनलला तेल पोचलं 1978 मध्ये, करार त्याआधी झालेला. त्या पैशातून 1976 मध्ये ट्रस्ट उभा राहिला, म्हाताऱ्यांसाठी केअर होम्स झाली, गावोगावी खेळ-करमणुकीची केंद्रं झाली. त्यासाठी कुणा शेटलंडकराला बायकोच्या बांगड्या विकाव्या लागल्या नाहीत. ब्रिटनने देश म्हणून नॉर्वेसारखा तेलाच्या पैशाचा फंड केला नाही हे मला माहीत आहे. पण मी बेटांबद्दल बोलतोय.

आपल्याकडे गुहागरजवळ अंजनवेलला काय झालं? 1999 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची वीज सुरू झाली, 2001 मध्ये बंद पडली, त्याच वर्षाच्या शेवटी एन्रॉन दिवाळखोरीत. पुढे तिथेच एलएनजीचं, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचं, टर्मिनल आलं आणि लाटा अडवणारं ब्रेकवॉटर अपुरं म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागत नव्हतं. त्या वीज प्रकल्पाला विरोध केला म्हणून 1997 साली वेलदूरच्या बायकांना पोलिसांनी पकडून नेलं. त्यांच्या मागण्या बरोबर होत्या की चूक, यावर आमच्या घरातच दोन तट होते. पण त्या काहीतरी मागत होत्या: खाडी, मासळी, जमीन. आज त्यांच्या नातवंडांच्या हातात फोन आहे आणि ती फक्त विचारतात, उद्या अप्पर सर्किट, म्हणजे शेअरच्या एका दिवसातल्या वाढीची कमाल मर्यादा, लागेल का? दोन पिढ्यांत मागणं सुटलं आणि अंदाज बांधणं सुरू झालं, हे मला सहन होत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भावाचं उत्तर आलं: "तू त्याच गॅसवर पोट भरतोस, घरावर स्लॅब टाकलास, आता आम्हाला अक्कल शिकवू नकोस." खरं आहे. माझा पगार याच विहिरींतून येतो आणि शोधासाठी खोदलेल्या बऱ्याच कोरड्याच निघतात. विहीर कोरडी गेली तरी माझी दिवसाची मजुरी ठरलेली असते. भावाची नसते. हा फरक त्याला समजावून सांगायचा होता, पण ऐकताना तो पैशाचा माज वाटतो, हे मला कळतं. 2014 नंतर तेलाचे भाव पडले तेव्हा माझ्या रस्त्यावर ओळीने घरं विकायला निघाली होती, माझंही काम सुटलं होतं. ते गावाला कधी सांगितलं नाही.

वादाच्या आधी भावाचा फोन आला होता, बऱ्याच वर्षांनी. तब्येत, मुलं, थंडी असं विचारून झाल्यावर म्हणाला, "दादा, तू रिगवरच असतोस ना, आतलं काय ते सांग की." मी उत्तर समुद्रात असतो, त्याची कंपनी हजारो मैल दूर. आणि माझ्याच विहिरीची रेघ मी बाहेर सांगितली तर नोकरी जाईल, वर खटला होईल. तिकडेही सेबीचे नियम तेच सांगतात. हे मी त्याला सांगितलं आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला वाईट वाटत राहिलं. त्याला नाही म्हटलं म्हणून नव्हे. गावाला माझ्याकडून हवी असलेली गोष्ट एवढीच उरली होती म्हणून. पाखाडीचा रस्ता कुठून न्यायचा, विहिरीचा गाळ कधी काढायचा, शिमग्यात पालखीचा मुक्काम कुठे, यातलं काही मला कोणी विचारत नाही. वर्गणी मात्र वेळेवर मागतात आणि मीही लगेच पाठवतो.

भावाने शेअर विकावेत की ठेवावेत, हे मी सांगणार नाही. त्याचे पैसे आहेत. पण शेटलंडचा करार मी वाचला आहे, त्यातली कलमं मराठीत समजावून सांगू शकतो. उद्या एखादं सर्वेक्षणाचं जहाज आलं आणि महिनाभर जाळी उचला म्हणालं, तर भरपाई किती मागायची, कोणाकडे मागायची, लेखी काय घ्यायचं, हे दाभोळ-वेलदूरच्या मच्छीमार सोसायट्यांनी आत्ताच ठरवून ठेवायला हवं. शिमग्याला मी रजा टाकतोय. गावकीच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मला बोलू द्या. दोन पिढ्या बाहेर राहिलेल्या घराला त्या बैठकीत मत आहे की नाही, यावर आमच्याकडे एकमत नाही, ते मला ठाऊक आहे. तेही त्याच दिवशी ठरवून टाका.