एमबीबीएस मराठीतून? आधी पेशंटला त्याच्या भाषेत सांगा

कॉलेजच्या ग्रुपवर परत तो वाद पेटलाय, डॉक्टरकी मराठीतून शिकवायची की नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशने अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीची पुस्तकं हिंदीत काढली तेव्हापासून हे अधूनमधून होतंच. एक बाजू मातृभाषेची, दुसरी म्हणते पोरं जगात मागे पडतील. ढीगभर मेसेज वाचले, सगळे डॉक्टर होणाऱ्या मुलांबद्दल, पेशंटचं नाव कुणी काढलं नाही, आणि मला तेच खुपलं.

मी न्यू जर्सीत राहते. सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा त्यांना अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून माझी शाळकरी मुलगी आजीचं बोलणं सांगायला लागली तर नर्सने तिला प्रेमाने थांबवलं आणि दुभाषा मागवला. आधी हिंदीवाला जोडून दिला, इंडियातून आल्या म्हणजे हिंदी असं धरून, मग आम्ही सांगितल्यावर फोनवर मराठी बोलणाऱ्या बाई आल्या. डॉक्टरनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. आणि त्या बंद खोलीत सासूबाईंनी सांगितलं की लघवीचा त्रास कित्येक महिने आहे, आणि एकादशी-चतुर्थीला उपवास म्हणून शुगरची गोळी घेत नाहीत. वर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे नुसता स्टार्च! यातलं घरात कुणालाच माहीत नव्हतं, मुलासमोर त्या हे कधीच बोलल्या नसत्या.

इथले लोक जास्त चांगले आहेत म्हणून हे होतं असं अजिबात नाही, कायदा आहे म्हणून होतं. १९६४ चा नागरी हक्क कायदा, मग ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने दुभाषा फुकट द्यायचा, आणि इमर्जन्सी सोडून लहान मुलांकडून हे काम करून घ्यायचं नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला राजभाषा केलं आणि क्लिंटन यांचा २००० सालचा भाषा-मदतीचा आदेश रद्द केला. कलम १५५७ अजून आहे, पण इथल्या लोकांना काळजी वाटतेय ती खरी आहे.

आता आपल्याकडचं बघा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, नंदुरबारला भिली, पावरी. सिझरसाठी नेलेल्या बाईला काय चाललंय हे तिच्या भाषेत कोण सांगतं? बऱ्याचदा आशाताई बरोबर असली तर ती, नाहीतर वॉर्डातली कुणीतरी मावशी, तीही नसली तर अंगठा घेतात आणि पुढे. हे होऊ शकत नाही असं मात्र कुणी म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने दवाखाना बांधायच्या आधी आदिवासींनाच विचारलं कसा हवा, मोठ्या बिल्डिंगची भीती वाटते म्हणाले तर झोपड्यांसारखा बांधला, नातेवाईकांना सोबत राहता येईल असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी, त्यांच्या देवीचं. हे नव्वदच्या दशकातलं आहे, अमेरिकेतून आलेलं नाही.

डॉक्टर मैत्रीण म्हणते, ओपीडीत मान वर करायला वेळ नाही, हे कधी करू. तिचं म्हणणं मला पटतं, म्हणून तर हे डॉक्टरच्या डोक्यावर टाकू नये. शिकलेली माडिया, कोरकू पोरं गावात आहेत, त्यांना ट्रेनिंग आणि पगार देऊन हॉस्पिटलात बसवा, डॉक्टरचाच वेळ वाचेल.

आणि पुण्या-मुंबईत मराठीसाठी भांडणाऱ्यांनी ऑपरेशनचा कन्सेंट फॉर्म आधी मराठीत मागावा. डिस्चार्ज कार्डावर बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा) लिहितात, बीडीऐवजी सकाळी एक, रात्री एक असं लिहून मागावं. इंग्रजीसमोर आपण जे मागतोय तेच मेळघाटातल्या धारणीची कोरकू बाई मराठीसमोर मागू शकते, आणि ते आपण तिला आधी द्यायला हवं, कारण तिथल्या सरकारी दवाखान्यात मोठ्या घरची भाषा मराठीच आहे.