मजूर म्हणजे कबूतर नव्हे
कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या चोपड्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो : 'माणसाला सांगून उपयोग नाही. बक्षीस आणि दंड एवढंच कळतं. स्किनरने कबुतरांवर सिद्ध केलंय. मजूर असो की पोरगं, नियम तोच.' हे वाचून मला दरवेळी राग येतो.

कबुतरांचं खरं आहे. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये ते सविस्तर मांडलं. ठरावीक वेळेनेच दाणा मिळत असेल, तर दाणा खाल्ल्यावर कबूतर थांबतं आणि वेळ जवळ आली की भराभर चोच मारतं. मोठ्या माणसांत मात्र हे चित्र बहुतेक वेळा बिघडतं. 1966 मधल्या एका प्रयोगात बक्षिसाची पद्धत एकच होती, सूचना वेगवेगळ्या होत्या. लोकांचा कामाचा वेग सूचनेप्रमाणे बदलला. पुढे खुद्द स्किनरनेच अनुभवाने घडलेलं वागणं आणि सांगितलेल्या नियमाने चालणारं वागणं वेगळं काढलं. मेसेजात ते नाही.

'सांगून उपयोग नाही' म्हणणाऱ्याने आमच्या शेतात यावं. वेचणी किलोवर असते. दवाने ओला कापूस काट्यावर जड भरतो, म्हणजे मजुरी जास्त. नुसता बक्षिसाचा हिशेब असता तर बाया उजाडताच ओटी बांधून सरीत शिरल्या असत्या. आई बांधावरून म्हणते, "दव उतरू द्या गं." त्या थांबतात. एखादी पुढे होऊन बोंडात बोट घालते, अजून गार लागलं तर मान हलवते. ओला कापूस गंजीत पिवळा पडतो, भाव पडतो, हे त्यांनी स्वतःच्या घरीही पाहिलंय.

नियम आंधळाही करतो, हे मान्य. केळीला ठिबक बसवून इतकी वर्षं झाली, तरी बुडाशी चिखल दिसल्याशिवाय वडील कॉक बंद करत नाहीत. 'पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे' हे आजोबांचं वाक्य.

राहिला दंड. 1979 च्या एका अभ्यासात खोट्या सूचनेमुळे पैसे जाऊ लागल्यावर लोकांनी ती सूचना सोडून दिली. शब्दाची पत अशी ठरते. आमच्याच शिवारात एकाने ओल्याच्या नावाखाली कोरड्या कापसाचंही वजन कापलं. पुढच्या हंगामात त्याच बाया त्याच्या शेतात दवातच वेचायला लागल्या.