स्प्लेंडरचा पिस्टन आरएक्सला बसतो म्हणे!

गेले दोनेक महिने "जुन्या गाडीवाल्यांनो हे वाचाच" असा एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 चे पार्ट कायमचे बंद झाले, मिळालेच तर दिल्लीत करोल बागेत, तेव्हा दुसऱ्या गाड्यांचे पार्ट "जसेच्या तसे" टाका, आणि खाली यादी, त्यात स्प्लेंडरचा पिस्टन. दोनदा आला, न वाचता उडवला. तिसऱ्यांदा अमळनेरच्या मावसभावानं पाठवला आणि खाली लिहिलं, "भाऊ, पिस्टन घेतला, रविवारी येतो." मग मात्र वाचावा लागला.

गाडी 94 ची, काकांची. काकांनी तिच्यासोबतचं मॅन्युअल सुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, आणि या पठ्ठ्यानं ते न उघडता मोबाईलवर विश्वास ठेवला.

पिस्टनची वेळ आली कशी, तर त्याच मेसेजमधल्या तेलाच्या मुद्द्यामुळे. "टू-टी ऑइल मिळत नसेल तर 20 डब्ल्यू 40 टाका, तेल ते तेल." अरे, टू-टी ऑइल मिळत नाही कुठे? आमच्याकडे फवारणीच्या पंपाला लागतं म्हणून खेड्यातल्या दुकानात पण असतं. आरएक्स टू-स्ट्रोक, तिच्यात तेल पेट्रोलसोबत जळतं, आणि टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल राख कमी सोडून जळण्यासाठीच बनवलेलं असतं. 20 डब्ल्यू 40 हे फोर स्ट्रोकचं तेल, इंजिनात साठून राहायला बनवलेलं, ते जळलं की कार्बन. बाटलीवर वाचा ना, टू-टीवर जासो (तेलाचं जपानी मानक) एफबी नाहीतर एफसी लिहिलेलं असतं, दुसरीवर एमए. यानं दीड महिना तेच 20 डब्ल्यू 40 चालवलं. प्लग काळा, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या, आणि पारोळ्याच्या रस्त्यावर भर उन्हात गाडी जाम. मावशी त्याला म्हणाली, "चांगली चालू व्हती गाडी, तुले कोन सांगं हाऊ धंदा?"

आता पिस्टन. मेसेजवाल्याचा सगळा आधार एकच, दोन्ही गाड्यांचा बोर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, 50 एमएम. आकडा खरा आहे, मॅन्युअलमध्ये आरएक्सचा बोर-स्ट्रोक (रुंदी आणि पिस्टनची चाल) 50 बाय 50 आहे, स्प्लेंडरचा 50 बाय 49.5. पण एवढ्यावर पिस्टन बसत असेल तर माझा आणि आमदाराचा चपलेचा नंबर एकच आहे, उद्यापासून मी आमदार.

ओट्यावर पेपर टाकला आणि दोन्ही पिस्टन शेजारी ठेवले, नवा स्प्लेंडरचा आणि गाडीतून काढलेला. स्प्लेंडरच्या डोक्यावर वॉल्व्हसाठी खाचा आहेत. आरएक्सच्या हेडमध्ये वॉल्व्हच नाहीत, तिच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, खिडक्या आहेत म्हणजे पोर्ट, आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो, म्हणून त्याचा घेर खालपर्यंत लांब ठेवलेला. स्प्लेंडरचा आखूड पिस्टन टाकला तर तो वर गेल्यावर सायलेन्सरचं पोर्ट खालच्या बाजूनं उघडं पडेल, मग क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत, ओढ कसली बसणार, गाडी किक मारून मारून पाय दुखेल तरी चालायची नाही.

ते सोडा, रिंगची खाच बघा. त्याला म्हटलं नख फिरव. आरएक्सच्या खाचेत नख एका जागी अडकतं, तिथे बारीक पिन आहे, रिंग जागची फिरू नये म्हणून. रिंग फिरली आणि तिचं तोंड पोर्टसमोर आलं की ते खिडकीत अडकणार, रिंग तुटणार आणि स्लीव्हला चर पडणार. स्प्लेंडरच्या खाचेत नख गोल फिरून परत आलं. तिला पिन लागतच नाही, तिथे खिडक्या नाहीत. भाऊ जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण मेसेजमध्ये तर फोटो होता."

टायरचा मुद्दा मात्र खरा आहे, नाइलाजानं मान्य करतो. आरएक्सचा मागचा टायर 2.75-18, जुन्या स्प्लेंडरचा तोच, ट्यूब पण चालते. पण मेसेजमध्ये "दोन्ही टायर" लिहिलंय, आरएक्सचा पुढचा 2.50-18 असतो. हॉर्न, इंडिकेटर 12 व्होल्टचे कुठलेही लावा, कोणी अडवत नाही. ब्रेक शू "घासून बसवा" म्हणणाऱ्यानं आधी स्वतः तसल्या ब्रेकवर सातपुड्याचा घाट उतरून दाखवावा.

15 वर्षं झालेली गाडी भंगारात जाते म्हणून कंपनी पार्ट देत नाही, हे पण त्यात आहे. साफ चूक. मोटार वाहन कायदा 1988, कलम 41. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षं, नंतर तपासणी करून 5-5 वर्षांनी रिन्यू. दिल्लीचा जुन्या गाड्या बंद करायचा नियम कोर्टाच्या आदेशानं आलेला, तो दिल्ली-एनसीआरपुरता, जळगाव-धुळ्याला त्याचं काय? आणि "सरळ 135 चं (आरएक्स 135) इंजिन बसवा" वाल्याला एवढंच, आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही असतात, आरटीओत नोंद न करता बदललं तर रिन्यूच्या वेळी रडाल.

पार्ट मिळत नाहीत हे अर्धंच खरं. टाकी, साईड पॅनल, मूळ क्रोमचे मडगार्ड, यांना खरंच वणवण आहे, आणि डुप्लिकेट इतके की डब्यावरचं नाव बघून फसाल. पण इंजिनचा माल आहे. आरएक्स 100 बंद झाली 1996 ला, तिची धाकटी बहीण 135 मात्र 2005 पर्यंत येत होती, त्यामुळे या घराण्याचा माल ठेवणारे टिकले. भावाचा ब्लॉक (सिलिंडर) आतून घासून थोडा मोठा करायला बोरिंगला नेला, 0.50 एमएम ओव्हरसाइजचा पिस्टन किट जळगावातच दुसऱ्या दुकानात मिळाला. एकच केलं, जुना पिस्टन सोबत नेला आणि काउंटरवर ठेवला. स्प्लेंडरवाला दुकानदारानं परत घेतला नाही, पाकीट फोडलेलं होतं.

त्या ग्रुपवर मी दोन्ही पिस्टनचा फोटो टाकला. खाली एकानं विचारलंय, "यातला पल्सरला कोणता बसेल?"