सनबोर्डवरचे गेम आणि आजीची चीटिंग

डोकं फिरलंय आज, त्यामुळे पोस्ट मोठी होणार. वेळ असेल तरच वाचा.

पोरीच्या शाळेत प्रदर्शन होतं, विषय 'स्वतः बनवलेला बोर्ड गेम'. चौथीची मुलं आहेत ही. आणि टेबलांवर काय, तर सनबोर्ड, चकचकीत व्हिनाइल प्रिंट, कडेला एलईडी. एका मुलाला म्हटलं, बाळा कसा खेळायचा रे हा, तर तो आईकडे बघायला लागला. पहिलं बक्षीस त्यालाच!! त्या पोराचा काही दोष नाही, बिचारा नुसता उभा होता.

आमचा गेम मिक्सरच्या खोक्याचा. ठाणे स्टेशन ते गायमुख. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं, कार्डं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. तलावपाळी ओलांडली की १० रुपये मिळणार, कपूरबावडीला ट्रॅफिकमध्ये दोन डाव गप्प बसायचं, आणि स्टेशनवरून रिक्षा हवी असेल तर दोन फाशांची बेरीज १२ पडायला हवी. आता १२ काय पडते का! सगळे आपले स्टेशनवरच. पोरगी वैतागली, मग वहीच्या मागच्या पानावर १-१, १-२ असं सगळं लिहीत बसली, ३६ जोड्या झाल्या, त्यात १२ एकदाच आणि ७ सहा वेळा. १२ खोडून ७ केलं. आता आमच्या गेममध्ये रिक्षा खऱ्या ठाण्यापेक्षा लवकर मिळते.

हे तिला कोणी शिकवलं नाही हो. गेम अडला म्हणून तिने शोधलं.

आणि आजी! आजीच्या लक्षात आलं की मागे जायचं नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. मग काय, तलावपाळीवरून पुढे, परत मागे, परत पुढे, दरवेळी १० रुपये. गायमुखला जायचं नावच नाही. पोरगी रडकुंडीला, "आजी चीटिंग करते!" आजी शांतपणे, "कुठे लिहिलंय दाखव." जेवण होईपर्यंत धुसफूस चालली होती, मग पोरगी ताटावरून उठून थेट पेन्सिल घेऊन आली आणि नियम लिहिला, 'पैसे फक्त पुढे जाताना'. खाली कंसात, 'आजीला पण'. मला इतकं भरून आलं ना ते वाचून, काय सांगू.

आपण लहानपणी मे महिन्यात दिवसदिवस व्यापार खेळलो. त्याचं मूळ एका बाईच्या डोक्यातलं, अमेरिकेतली लिझी मॅगी, तिने १९०४ साली पेटंट घेतलं. तिला दाखवायचं होतं की जमिनीचे मालक नुसत्या भाड्यावर गब्बर होतात आणि बाकीचे कंगाल. आपण त्यातून काय घेतलं, तर हॉटेलं बांधा! आपला मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, घ्या, साप म्हणजे दुर्गुण, शिड्या म्हणजे सद्गुण, त्यात पण करणाऱ्याने जग कसं चालतं तेच मांडलंय. आपण नुसते फासे टाकत राहिलो, हे नियम कोणी केले, बदलता येतील का, असलं काही डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या पोरीच्या आलं, ते पण आजीने लुबाडल्यावर.

बरं, मान्य, दोघं नोकरीवाले असतील तर रात्री दहाला कोण खोकी कापत बसणार. पण मग अर्धवट राहू दे ना! वेडावाकडा, न संपणारा, भांडणं होणारा गेम जाऊ दे की शाळेत. प्रिंटवाल्याला पैसे देऊन तुम्ही त्या पोराच्या वाट्याची आजीच काढून घेतली. आणि परीक्षकांनी एकही गेम खेळून बघितला नाही, एकही नाही, नुसते फोटो काढले. बोर्ड गेमच्या प्रदर्शनात फासा न टाकता नंबर काढतात, कमाल आहे! बाईंना वर्गात एवढी मुलं सांभाळायची असतात हे कळतं मला, तरी दहा मिनिटं बसायला काय हरकत होती?

असो. रविवारी चार वाजता आमच्या बिल्डिंगखाली सतरंजी टाकतोय. मुलांनी स्वतः केलेले गेम घेऊन या, मोडके चालतील, छापील आणलात तर परत पाठवीन. येताना कोणीतरी एक फासा आणा, आमचा एक सोफ्याखाली गेलाय. आणि आजी खेळणार आहे, तेव्हा नियम नीट लिहून आणा.